सिम्युलेटरमधला खरेपणा कॉकपिटच्या बटणांवरून ठरत नाही

संगणकावर लढाऊ विमान उडवण्याच्या खेळांची, म्हणजे सिम्युलेटरची, चर्चा निघाली की ती हमखास बटणांवर येऊन थांबते. अमुक विमानात कॉकपिटमधली प्रत्येक कळ माउसने दाबता येते, तमुक विमान सुरू करतानाच घाम फुटतो, म्हणून ते अगदी खरे, असा निकाल लगेच दिला जातो. मला हा निकष अपुरा वाटतो. कळ दाबता येणे हा पुष्कळसा चित्रकाराच्या मेहनतीचा भाग आहे. ती दाबल्यावर, किंवा दाबायची राहून गेल्यावर, विमानाच्या दुसऱ्या टोकाला काय घडते हे तपासल्याशिवाय खरेपणाबद्दल बोलण्यात अर्थ नाही. एका यंत्रणेतला बदल दुसरीपर्यंत, दुसरीतला तिसरीपर्यंत आणि शेवटी वैमानिकाच्या हातातल्या दांड्यापर्यंत पोहोचत असेल, तर मोजकीच बटणे असलेले विमानही खरे वाटते. तसे होत नसेल, तर शंभर कळांचा कॉकपिट ही नुसती आरास ठरते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मोटारी भरण्याचे दुकान चालवतो. विहिरीवरच्या आणि बोअरच्या मोटारी जळून येतात आणि नवी वाइंडिंग घालून परत जातात. ओलिताच्या दिवसांत मान वर करायला फुरसत नसते. पावसाळ्यात मात्र दुकान थंड असते आणि रात्री संगणकासमोर बसता येते. पावसाळ्यातच वीजही जास्त जाते, पण घरच्या यूपीएसवर विमान उतरवण्यापुरता वेळ मिळतो, त्यामुळे इंधनाच्या काट्याबरोबर यूपीएसच्या दिव्याकडेही लक्ष ठेवायची सवय लागली आहे. विमानाच्या वीजव्यवस्थेकडे आणि इंजिनाच्या तापण्याकडे मी इतरांपेक्षा जरा जास्त बारकाईने पाहतो, त्याचे कारण हा धंदा आहे.

या छंदाची वंशावळ लांब आहे, पण तिच्यातले टप्पे थोडक्यात सांगता येतात. डिसेंबर १९९८ मध्ये आलेल्या 'फाल्कन ४.०'ने एफ-१६चे रडार आणि शस्त्रव्यवस्था इतक्या खोलात जाऊन दाखवली की 'फाल्कन बीएमएस' या रूपात तिचा वारसा आजही उडतो आहे. २००१ च्या 'आयएल-२ स्टुर्मोविक'ने दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या हाताळणीकडे लक्ष वेधले. त्यानंतर 'डीसीएस' (डिजिटल कॉम्बॅट सिम्युलेटर) मालिकेत २००८ साली का-५० हेलिकॉप्टर आणि २०११ मध्ये ए-१०सी आले, आणि पूर्ण चालत्या कॉकपिटचा आग्रह तिथून रूढ झाला. आज 'डीसीएस वर्ल्ड'मध्ये ज्या विमानाशी भारतीय माणसाचे नाते सहज जुळते ते म्हणजे मिग-२१बिस, मिग-२१ ची एक सुधारित आवृत्ती.

मिग-२१ भारतीय वायुसेनेत १९६३ साली आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्याला निरोप देण्यात आला. मधल्या काळात नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) कारखान्यात ही विमाने बांधली गेली, म्हणजे हे विमान महाराष्ट्रालाही परके नाही. सिम्युलेटरमध्ये ते उडवण्यासारखे का आहे, याचे उत्तर त्याच्या उड्डाणात फारसे सापडत नाही. उड्डाण सोपे आहे; इंजिनाच्या मागे जादा इंधन जाळणारा आफ्टरबर्नर लावला की ते बाणासारखे निघते. उत्तर आहे ते त्याच्या उतरण्यात.

या विमानाचा त्रिकोणी पंख ५७ अंशांनी मागे झुकलेला आणि क्षेत्रफळाने अवघा २३ चौरस मीटर आहे. ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी तो उत्तम, पण कमी वेगात लिफ्ट, म्हणजे विमानाला उचलून धरणारा जोर, देण्याच्या बाबतीत कंजूष. म्हणून बिसमध्ये एक खास सोय केलेली आहे. इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून दाबाखालची हवा काढून ती उतरवलेल्या फ्लॅपवरून, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या पात्यावरून, जोरात सोडली जाते. त्यामुळे फ्लॅपला चिकटून वाहणारा हवेचा थर लवकर सुटत नाही आणि पंखाची लिफ्ट वाढते. रशियन आद्याक्षरांवरून तिला एसपीएस म्हणतात. या सोयीतली मेख अशी की फुंकायची हवा इंजिनातूनच येते, त्यामुळे इंजिनाचे फेरे कमी केले की ही फुंकर मंदावते आणि पंखाची लिफ्टही घटते. साध्या विमानात थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा लिव्हर, हे केवळ वेगाचे साधन असते. इथे उतरताना ते पंखाचेही साधन बनते.

दिवाळीत भाचा आला होता. मोबाइलवर विमानांचे खेळ खेळून त्याचा हात बसलेला होता, त्यामुळे उड्डाण आणि वळणे त्याने झोकात केली. उतरायच्या वेळी मी गप्प बसून पाहत होतो. धावपट्टी समोर आली, चाके आणि फ्लॅप खाली आले, वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास होता. एवढ्या वेगात जमिनीला कसे टेकायचे, या शंकेने त्याने थ्रॉटल सरळ मागे ओढला. नाक किंचित वर गेले, समोरची धावपट्टी काचेत वर सरकू लागली आणि विमान पायाखालची फळी काढून घ्यावी तसे खाली बसू लागले.

"मामा, हे काहून खाली चाल्लं? म्या तं काईच नाई केलं!"

"थ्रॉटल कायले ओढलं मंग?"

"उतराचं हाय ना, मंग स्पीड कमी नको का कराले?"

एवढे बोलेपर्यंत त्याने थ्रॉटल पुन्हा पुढे ढकलला होता, पण टर्बोजेट इंजिनाला खालच्या फेऱ्यांवरून वर चढायला काही सेकंद लागतात, आणि ते सेकंद त्याच्या हाती उरले नव्हते. विमान धावपट्टीच्या अलीकडे मातीत गेले.

या अपघातात एकाच वेळी काय काय घडले ते पाहण्यासारखे आहे. थ्रॉटल मागे गेल्याने फुंकर मंदावली आणि लिफ्ट घटली. विमान खाली बसू लागले म्हणून त्याने दांडा ओढला, नाक वर गेले. त्रिकोणी पंखाचे नाक जसजसे वर जाते तसतसा ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, झपाट्याने वाढतो, त्यामुळे वेग आणखी पडला. वेग पडल्यावर तीच लिफ्ट मिळवायला नाक अजून वर हवे, म्हणजे ड्रॅग अजून जास्त. या अवस्थेत विमान हळू उडवण्यासाठी जास्त ताकद लागते, आणि नेमकी तीच ताकद यायला उशीर होत होता. भाच्याने एकच चूक केली होती, पण ती इंजिन, पंख, ड्रॅग आणि पुन्हा इंजिन अशी फिरून त्याच्याकडे परत आली. सुरुवातीला जो निकष मी सांगितला तो हाच. बटण म्हणून पाहिले तर यात फ्लॅपची एक कळ आणि एक थ्रॉटल, एवढेच आहे.

बरोबर पद्धत सांगायला सोपी आहे. फेरे टिकवून, थ्रॉटलच्या बारीक हालचालींनी खाली येण्याचा दर सांभाळत धावपट्टीपर्यंत यायचे, आणि चाके टेकण्याच्या बेतात आल्यावरच ताकद हळूहळू काढायची. त्यानंतर शेपटीतली ब्रेकची छत्री उघडायची. पुढच्या चाकाला वळवण्याची यंत्रणा नाही. दांड्यावरची ब्रेकची मूठ दाबायची आणि पायातल्या पेडलने कोणत्या बाजूच्या चाकाला जास्त ब्रेक लागेल ते ठरवायचे. ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात आणि हवेचा साठा मर्यादित असतो, म्हणून धावपट्टीवरून बाहेर पडताना उगाच ब्रेक मारत राहिले की दाबाचा काटा उतरताना दिसतो. ज्या सिम्युलेटरमध्ये हा काटा उतरतो आणि शेवटी ब्रेक खरोखर लागत नाहीत, त्या सिम्युलेटरवर माझा विश्वास बसतो.

आता वीज. थंड पडलेले विमान अगदी पहिल्या कळेपासून सुरू करण्याला या छंदातले लोक कोल्ड स्टार्ट म्हणतात, आणि तिचे व्हिडिओ चवीने पाहिले जातात. कळांचा क्रम पाठ करून ती कोणालाही जमते. क्रम तसाच का आहे, हे कळले की मात्र ती पाठ करावी लागत नाही. विमानात तीन फेजचा पुरवठा असतो, पण ५० नव्हे तर ४०० हर्ट्झचा. वारंवारिता वाढली की ट्रान्सफॉर्मरला आणि मोटारीला लोखंड कमी लागते, म्हणजे वजन वाचते, आणि विमानात प्रत्येक किलोचा हिशेब असतो. दुसरा फायदा वेगाचा. आपल्याकडची दोन पोलची मोटार ५० हर्ट्झवर मिनिटाला फार तर ३,००० फेरे घेते. तोच हिशेब ४०० हर्ट्झला लावला तर फेरे २४,००० होतात. विमानाचा कल दाखवणाऱ्या जायरोला, म्हणजे यंत्रातल्या फिरत्या भोवऱ्याला, असाच भन्नाट वेग हवा असतो. सोव्हिएत विमानांत हे जायरो ३६ व्होल्टच्या तीन फेजवर चालतात, आणि तो पुरवठा बॅटरीच्या डीसीपासून फिरत्या इन्व्हर्टरने तयार केला जातो. म्हणून आधी बॅटरी, मग इन्व्हर्टर, मग जायरो, आणि जायरो पूर्ण वेग घेईपर्यंत थांबणे, असा क्रम पडतो. घाई करून निघालात, तर क्षितिज दाखवणारे यंत्र तिरपे पडलेले असते आणि ढगात शिरल्यावर त्यावर भरवसा ठेवता येत नाही. इंजिन सुरू न करता सगळ्या यंत्रणा लावून ठेवल्या तर बॅटरी उतरते आणि मग इंजिनही सुरू होत नाही.

सिम्युलेटरला जोडायच्या एका विमानाच्या मॉड्यूलमध्ये, त्याचे नाव इथे घेत नाही, हा सगळा क्रम देखणा होता, कळांचे आवाजसुद्धा वेगवेगळे होते. पण इन्व्हर्टर बंद केला तरी जायरो जागच्या जागी ठणठणीत उभा राहत होता. दुकानात अशी मोटार आली असती तर तिची पूजा करावी लागली असती.

पंख्याच्या विमानांकडे वळल्यावर हाताळणीचा रंग बदलतो. इथे वैमानिकाची झुंज हवेपेक्षा स्वतःच्या इंजिनाशी जास्त असते. ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायर घ्या, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात तेव्हाच्या भारतीय वायुदलाने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हीच विमाने उडवली होती. त्याच्या मर्लिन इंजिनाचा पंखा वैमानिकाच्या जागेवरून पाहिला तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. इंजिन पंख्याला उजवीकडे फिरवते, तेव्हा विमानाला डावीकडे कलंडण्याचा धक्का बसतो. पंख्याने मागे फेकलेली हवा पीळ घेत येते आणि शेपटीच्या उभ्या पात्याला एका बाजूने मारते. मागचे चाक जमिनीवर असताना पंख्याचे खाली जाणारे पाते जास्त जोर लावते, आणि शेपूट उचलताना फिरता पंखा जायरोसारखा वागून नाकाला बाजूला ढकलतो. या चारही गोष्टी नाक डावीकडे नेतात. त्यामुळे उड्डाण करताना उजवे पेडल सतत दाबत, पण वेग वाढेल तसे सैल करत न्यावे लागते, कारण वेगाबरोबर उभ्या पात्याची पकड वाढते. ग्रिफन इंजिनाच्या नंतरच्या स्पिटफायरमध्ये पंखा उलट फिरतो. मर्लिनच्या सवयीचा माणूस तिथे उजवे पेडल दाबून बसला तर विमान सरळ गवतात जाते.

एकाच नावाच्या विमानात इंजिनागणिक वागणे बदलते, याचे याहून बारीक उदाहरण कार्ब्युरेटरचे आहे. १९४० च्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईतल्या मर्लिनमध्ये फ्लोटचा कार्ब्युरेटर होता. वैमानिकाने दांडा एकदम पुढे लोटून नाक खाली केले की फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल वर उसळून आधी इंजिन उपाशी मरायचे, आणि लगेच पुढे पेट्रोलचा पूर येऊन गुदमरायचे. जर्मन मेसरश्मिट १०९ च्या डाइमलर-बेंझ इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पिचकारले जात असल्याने त्याला ही अडचण नव्हती, म्हणून जर्मन वैमानिक नाक खाली करून निसटत आणि पाठलाग करणाऱ्या इंग्रजांना आधी विमान उलटे करून मग सूर मारावा लागे. फार्नबरोच्या संशोधन संस्थेतील अभियंता बिआट्रिस शिलिंग यांनी पेट्रोलचा प्रवाह मर्यादित ठेवणारी एक छोटी भोकाची चकती बनवली आणि १९४१ मध्ये ती विमानांना बसवली गेली. पूर येऊन गुदमरणे तिने थांबवले. 'क्लिफ्स ऑफ डोव्हर' या सिम्युलेटरमधले स्पिटफायर मार्क १ (मार्क म्हणजे आवृत्ती) असेच नाक खाली लोटले की ठसकते, आणि ते बरोबर आहे. डीसीएसमधले मार्क ९ तसे ठसकत नाही, आणि तेही बरोबर आहे, कारण त्याच्या मर्लिन ६६ मध्ये दाबाने पेट्रोल देणारा वेगळा कार्ब्युरेटर आहे. 'स्पिटफायर उलटे केले की बंद पडायला हवे' असे ठासून सांगणाऱ्याला आधी मार्क कोणता ते विचारावे.

इंजिनाच्या बाबतीत माझी एक जुनी तक्रार आहे. पी-५१डी मस्टँग या अमेरिकन लढाऊ विमानाच्या पुस्तिकेत उड्डाणासाठी मिनिटाला ३,००० फेरे आणि ६१ इंच मॅनिफोल्ड दाब, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या मिश्रणाचा दाब, दिलेला आहे. संकटकाळी ६७ इंच चालतो, पण पाच मिनिटांपुरता. काही सिम्युलेटरांत या पाच मिनिटांचे शब्दशः घड्याळ लावलेले असते. पाच मिनिटे संपली की इंजिन तुटते, हवा थंड असो की गरम, रेडिएटर उघडा असो की बंद. हे शुद्ध अडाणीपण आहे. मोटारीच्या बाबतीत आम्ही रोज पाहतो की ओव्हरलोडची मोटार ठरावीक मिनिटाला जळत नसते. वाइंडिंगमध्ये उष्णता साठत जाते, जितकी बाहेर पडते त्याहून जास्त आत येत राहते, आणि मग एके दिवशी इन्सुलेशन सोडते. इंजिनाचेही तेच आहे. पुस्तिकेतली मर्यादा ही इंजिन ओव्हरहॉलपर्यंत टिकावे म्हणून लिहिलेली असते. चांगल्या मॉडेलमध्ये शीतक आणि तेलाचे तापमान, सिलिंडरमधला दाब, आधी झालेली झीज, यांचा मिळून परिणाम होतो. सहाव्या मिनिटाला काहीच होत नाही आणि दुसऱ्या दिवशी, तापलेल्या हवेत, हळू चढताना, तिसऱ्या मिनिटालाच वाफ निघते.

याच मॉडेलमध्ये दांड्यांचा क्रमही आपोआप कळतो. ताकद वाढवताना आधी पंख्याचे फेरे वाढवायचे, मग थ्रॉटल द्यायचा; कमी करताना आधी थ्रॉटल, मग फेरे. उलटे केले तर कमी फेऱ्यांवर जास्त दाब पडतो, सिलिंडरमध्ये मिश्रण अवेळी स्फोट पावते, आणि पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही.

तापलेल्या हवेचा विषय निघालाच आहे, तर तो विदर्भाच्या माणसाने सोडू नये. सिम्युलेटरमध्ये मोहीम तयार करताना तापमान ठरवता येते, पण बहुतेक लोक तिकडे पाहतही नाहीत. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. विमानाचे तक्ते ज्या प्रमाण हवामानावर बेतलेले असतात त्यात या उंचीला १३ अंश तापमान धरतात. मे महिन्यात दुपारी पारा ४५ वर जातो. हवा जितकी तापते तितकी विरळ होते, आणि या फरकाने ती दहा टक्क्यांच्या आसपास विरळ होते. विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी सुमारे १,४०० ते १,५०० मीटर उंचीवर, म्हणजे चिखलदऱ्याहूनही वर, जाऊन बसते. विरळ हवेत तीच लिफ्ट मिळवायला प्रत्यक्ष वेग पाच टक्क्यांनी जास्त लागतो, पण वेगाच्या काट्यावर हा फरक दिसत नाही, कारण काटाही त्याच विरळ हवेवर चालतो. शिवाय इंजिनात कमी हवा गेल्याने ताकद घटते. जास्त वेग गाठायचा आणि तोही कमी ताकदीने, म्हणून धावण्याचे अंतर ढोबळ हिशेबाने पाव हिश्शाने तरी वाढते.

'पर्शियन गल्फ'च्या नकाशावर उन्हाळा लावून, तापमान चढते ठेवून, टाकी आणि बॉम्ब भरलेले विमान उडवून पाहावे. नंतर तेच विमान, तेच वजन, हिवाळ्यातल्या पहाटे. दोन्ही वेळी चाके कुठे उचलली त्याची खूण धावपट्टीवरच्या पट्ट्यांवरून ठेवता येते. फरक पडला नाही, तर त्या सिम्युलेटरच्या बाकीच्या आकड्यांवरही मी फार विसंबणार नाही.

आतापर्यंत जे सांगितले ते गणिताने साधते. गणिताच्या बाहेर राहते ती हाताला आणि शरीराला होणारी जाणीव. स्पिटफायरसारख्या विमानात दांडा तारांनी आणि सळ्यांनी थेट पंख-शेपटीवरच्या हलत्या पात्यांना जोडलेला असतो. वेग वाढला की पात्यांवरचा हवेचा जोर वाढतो आणि दांडा जड होतो. मेसरश्मिट १०९ चा दांडा सूर मारताना इतका जड होई की दोन्ही हातांनी ओढूनही नाक पटकन वर येत नसे. आपल्या टेबलावरच्या जॉयस्टिकमध्ये स्प्रिंग असते, आणि तिचा जोर ताशी २०० किलोमीटरला जेवढा तेवढाच ७०० ला. सिम्युलेटर यावर तोडगा असा काढतो की तुम्ही जॉयस्टिक पूर्ण मागे ओढली तरी कॉकपिटमधला दांडा माणसाच्या ताकदीला झेपेल तेवढाच मागे येतो. नवखा माणूस याला जॉयस्टिकमधला बिघाड समजतो. वेगाप्रमाणे जोर बदलणाऱ्या मोटारी बसवलेल्या जॉयस्टिकही मिळतात, पण त्यांच्या किमतीत आमच्याकडे एक बरी सबमर्सिबल मोटार केबलसकट येते.

जेट विमानांत मात्र गंमत उलटी होते. मिग-२१ चे शेपटीचे पाते हायड्रॉलिक बूस्टरने हलते, हवेचा जोर वैमानिकाच्या हातापर्यंत येतच नाही. म्हणून खऱ्या विमानातच दांड्याला मुद्दाम स्प्रिंगची यंत्रणा लावून खोटी जाणीव तयार केलेली आहे, आणि वेग व उंचीप्रमाणे दांडा आणि पाते यांच्यातले प्रमाण बदलणारी स्वयंचलित पेटी जोडलेली आहे. एफ-१६ मध्ये तर मूळ दांडा हलतच नव्हता. हाताचा दाब मोजून संगणक पात्यांना आज्ञा देई. वैमानिकांना ते अवघड गेले म्हणून पुढे त्याला जराशी हालचाल दिली गेली. याचा अर्थ असा की स्वस्तातली स्प्रिंगवाली जॉयस्टिक स्पिटफायरपेक्षा मिग-२१ ला अधिक शोभते. जुने विमान साधे, म्हणून साध्या साधनावर ते जास्त खरे वाटेल, हा समज इथे खोटा ठरतो.

स्वस्त जॉयस्टिक घेताना एकच गोष्ट पाहावी, ती म्हणजे आत पोटेन्शिओमीटर आहे की हॉल सेन्सर. पोटेन्शिओमीटरमध्ये कार्बनच्या पट्टीवर घासणारा काटा असतो. कापूस वेचणीच्या दिवसांत घरात धूळ आणि रुईचे तंतू उडत असतात, ते आत बसले की विमान आपोआप थरथरू लागते. हॉल सेन्सर चुंबकावर चालतो, त्यात घासण्यासारखे काही नसते.

जोरात वळताना शरीराला बसणारा जी-भार, म्हणजे वजन कैक पट झाल्यासारखा दाब, तर कोणतेच टेबल देऊ शकत नाही. पडदा कडेने काळवंडतो, श्वासाचा आवाज जड होतो, आणि तेवढ्यावर समजून घ्यावे लागते. खरा वैमानिक विमान थरथरल्याचे पाठीने ओळखतो. आपल्याला ते पंखावरून सुटणाऱ्या हवेच्या आवाजावरून आणि चित्राच्या कंपावरून ओळखावे लागते. म्हणून चांगल्या सिम्युलेटरमध्ये आवाजाला फार महत्त्व आहे, आणि हेडफोनवर केलेला खर्च ग्राफिक्स कार्डापेक्षा जास्त कामी येतो, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट धंद्यामुळे खटकते. सिम्युलेटरमधले जवळजवळ प्रत्येक विमान कारखान्यातून नुकतेच बाहेर पडलेले असते. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. एका अख्ख्या कमांडला जे काम पुरते, त्याचा मागमूसही खेळात नसतो. एकाच्या रडारचा पडदा मंद, दुसऱ्याचा ब्रेक एका बाजूला ओढणारा, तिसऱ्याचे इंजिन जरा गरम चालणारे, अशी विमाने ज्या दिवशी वाट्याला येतील त्या दिवशी इंजिन सुरू करण्याआधीच्या तपासण्या लोक मनापासून करतील. काही विमानांत अकस्मात बिघाडाचा पर्याय असतो. तो चालू ठेवावा.

"यात तेजस काहून नाई?" असेही भाच्याने विचारले होते. उत्तर सोपे आहे. उड्डाणाचे गणित तपासायला पुस्तिका लागते. मस्टँग, सेबर अशा जुन्या विमानांच्या पुस्तिका केव्हाच खुल्या झालेल्या आहेत; चढण्याचा वेग, वळणाचा दर, इंधनाचा खर्च, सगळे तक्ते कोणालाही मिळतात आणि सिम्युलेटरशी ताडून पाहता येतात. सेवेतल्या विमानाचे रडार किती लांब पाहते, शत्रूच्या रडारला चकवणारे त्याचे जॅमर काय करते, क्षेपणास्त्र शेवटच्या टप्प्यात कसे वळते, हे देश कोणाला सांगत नाहीत. म्हणून आधुनिक विमानांच्या सिम्युलेटरमध्ये उड्डाणाचा भाग भरवशाचा आणि इलेक्ट्रॉनिक युद्धाचा भाग अंदाजाचा, अशी विषम वाटणी कायम राहते. क्षेपणास्त्र लागले की चुकले यावरून रात्रभर भांडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घेतले तर पुष्कळ वेळ वाचेल.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी पैसे घालवण्याची गरज नाही. डीसीएस वर्ल्ड उतरवून घेताना कॉकेशसचा नकाशा, सुखोई-२५टी आणि टीएफ-५१डी ही विमाने फुकट मिळतात. फाइल अवाढव्य असते, म्हणून मोबाइलच्या डेटावर तो नाद करू नये. तालुक्याला फायबर असलेल्या एखाद्या मित्राकडे रात्रभर लावून ठेवावे. सुखोईच्या कॉकपिटमधल्या कळा माउसने दाबता येत नाहीत. टीएफ-५१डी म्हणजे बंदुका नसलेले मस्टँग, पण त्याचे इंजिन, रेडिएटर, पंखा आणि शेपटीचे चाक पूर्ण वठवलेले आहे, म्हणून मी तेच सुचवतो. पेडल नसतील तर मनगटाने पिळता येणारी जॉयस्टिक चालेल. सेटिंगमध्ये त्या विमानाच्या खास पर्यायांत उड्डाणाला मदत करणारा एक सरकता काटा आणि पेडल आपोआप सांभाळणारा एक पर्याय असतो. पहिला शून्यावर आणावा, दुसरा बंद करावा, मग थ्रॉटल एकदम न देता हळूहळू द्यावा, आणि नाक डावीकडे ओढू लागले की उजवे पेडल दाबावे.